ग अर्धा उठतो

शिरपूरच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली माझं टेबल,
एक पाय विटेवर.
या मशीनवर ग सरळ येत नाही,
आधी अर्धा मारायचा, मग काना.
गाव, गुन्हा, गांजा
सगळे एकाच कळीतून अर्धे उठतात.
सव्वीस वर्षं झाली, बोटांना त्याचं काही वाटत नाही.

हिलाल मास्तर आले वहीत एक फांदी काढून,
शिसपेन्सिलीने, भाग दाखवून.
बोराडीच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र,
सुपारीचं खांड तोंडात नाही कधी.
म्हणाले, घ्या टाईप करायला:
हे पान. कायद्याच्या व्याख्येत बसत नाही.
हे त्याच फांदीवर चार बोटं वर, फूल.
ते बसतं.
आणि फुलासोबत माणूस बसतो, धुळ्याच्या जेलात.
मी म्हटलं, मास्तर, अर्जात फांदीबिंदी नको,
साहेब लोक चित्र बघत नाहीत. मागणी सांगा.

तीन मागण्या झाल्या, कार्बन लावून पाच प्रती.
बाजाराच्या दिवशी मिरच्यांच्या ढिगाशेजारी
मास्तरांनी स्टूल टाकलं.
या वयात लागली का हो चिलीम? मिरचीवाल्या भटूचा आवाज
पार केळीच्या गाड्यांपर्यंत गेला.
एका डॉक्टरांनी सही केली,
तासाभरात परत येऊन खोडली.
साध्या कपड्यातल्या हवालदाराने
शेवटपर्यंत वाचलं, घडी नीट केली,
बरोबर आहे म्हणाला, फक्त सही मागू नका.
आणि शिलाईवाली यमुनाबाई
कात्री हातात घेऊन आली तशीच:
माझ्या लोटनचं डोकं गेलं ह्या पाल्यानं,
तुम्ही मोकळं करा म्हणता?
मास्तर उभे राहिले. स्टूल तिला दिलं.
बराच वेळ ऐकत राहिले.
संध्याकाळी चौथी मागणी घेऊन आले:
दवाखाना आधी, बेडी नको.
यमुनाबाईने सही केली नाही.
शिव्या द्यायचीही थांबली.

ठुमलीबाई पावरा आली तेव्हा
मी मशीनवर फडकं टाकत होतो.
वरच्या पाड्यावरून पायी, शेवटची जीप चुकलेली.
तुरीच्या ओळीत झाडं सापडली, पोरगा नेला,
रेहंज्याला आत जाऊन तिसरा पावसाळा.
झाडं उपटली तशीच तोलली होती,
मुळांची ओली माती कोणी झटकली नाही.
मातीचं वजनही त्याच्याच नावावर.

मास्तरांनी शाईची डबी पुढे केली.
तिने अंगठा पदराआड घेतला.
अंगठा देसू भाऊ, पन पहिले वाची दखाड.
त्या दिनले बी अंगठा लिना,
वाची नही दखाडं.

त्या दिवसाचा तो कागद
साफ प्रत करायला माझ्याकडे आला होता.
पानामागे बारा रुपये.
ओल्या मातीसकट, हे शब्द त्यात नव्हते.
मी विचारलंही नव्हतं.

मी वाचलं. एक, दोन, तीन, चार.
तिने विचारलं, यामा मना पोर्‍या कोठे शे?
मास्तर चष्मा पुसू लागले.
कायदा बदलला तरी पुढच्यांसाठी बदलतो, बाई,
असं काहीसं पुटपुटले,
वर्गात सोपं करून सांगायचे तसं,
पण हे सोपं होईना.

फडकं काढलं. कागद पुन्हा चढवला.
मास्तरांना न विचारता
चौथ्या मागणीखाली टिकटिक करत गेलो:
मागील गुन्ह्यांसह.
ग दोन्हीकडे अर्धा उठला.
दोन्हीकडे काना जोरात मारला, कागद फाटता फाटता राहिला.

मग तेवढंच पुन्हा वाचून दाखवलं.
तिने मान डोलावली की मुंगी झटकली, कळलं नाही.
अंगठा उठवला. रेषा जरा फिसकटल्या.
पैसे किती, विचारलं.

लिंबावर साळुंक्या ओरडत होत्या.
मास्तर मोजत होते, दोनशे अकरा,
दोनशे बारा,
खोडलेला डॉक्टर धरायचा की नाही
यावर अडले होते.